साफ आवाज

जेवण झालंय, लॅपटॉप पोटावर आहे आणि डोळे मिटायला लागलेत. चारला मीटिंग आहे. तिथे मी आखलेली नवी स्क्रीन पास झाली, की आमचं आवाज मिक्स करायचं सॉफ्टवेअर कुठलीही नवी पोरगी कुणा म्हाताऱ्याच्या शिव्या न खाता चालवू शकेल. मी सहा वर्षं खाल्ल्यात. पापण्या जड होतात. कुणीतरी सोफ्याच्या कडेला बसतं आणि सोफा तेवढाच खाली जातो.

म्हापसेकर सर. कोल्हापूरच्या डबिंग स्टुडिओचे मालक, माझे पहिले बॉस. गेल्या दिवाळीत वारले. मी शेवटचं बघायलाही गेले नव्हते.

"काय गं, हे काय करून ठेवलंयस? माझा मिक्सर कुठाय?"

"काढून टाकला. लागत नाही आता."

आम्ही स्टुडिओत आहोत. समोर तो लांबलचक मिक्सर. प्रत्येक बटणाखाली पांढरी कागदी पट्टी चिकटवलेली, ज्याचा आवाज त्याचं नाव तिच्यावर. आवाज बंद करायचा झाला, की सर त्या नावावर लाल रेघ मारायचे. हिरॉइनचं नाव असायचं, कुत्र्याचं असायचं, दाराच्या करकरीचंसुद्धा असायचं. माझं कधीच नव्हतं. मी नुसत्या पट्ट्या फाडून द्यायच्या.

सर डोळे मिटून हात पुढे करतात, तीच जुनी सवय. पण हाताखाली मिक्सर नाही, माझ्या स्क्रीनची काच आहे. बोटं नुसती घसरतात.

"हाताला काही लागतच नाही."

"डोळे उघडा की मग. बघून करायचं असतं."

"आवाजाचं काम, बघून?" ते हसतात. "तरी म्हणायचो, हिला कान नाहीत."

माझं डोकं फिरतं. "सहा वर्षांत एकदा तरी हात लावू दिलात मिक्सरला? का नाही दिलात, ते सांगा आज."

"लायकी होती का? बावळट कुठली."

स्टुडिओचं आता आमच्या ऑफिसचं कॅन्टीन झालंय. सर ट्रे घेऊन रांगेत उभे आहेत आणि सगळ्यांदेखत माझी लक्तरं काढतायत. भिंतींना स्टुडिओचा, आवाज घुमू न देणारा फोम तसाच आहे, त्यामुळे एकेक शब्द स्वच्छ ऐकू येतो. मी स्क्रीनवरचं 'साफ' दाबते. नको तो आवाज एका बोटात घालवणारं बटण, माझ्याच डोक्यातून निघालेलं.

आवाज जातो. तोंड तेवढं हलतंय. जिवाला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू.

मग ते ट्रे खाली ठेवतात, माझ्याकडे नीट बघतात, आणि कधी नव्हे ते सावकाश, समजावल्यासारखं बोलायला लागतात. मी विचारलं त्याचं उत्तर देतायत, हे मला कळतं.

'अनडू' कुठाय? केलेलं मागे घ्यायचं बटण. वर नाही, खाली नाही. स्क्रीन मोकळी दिसावी म्हणून मीच ते आत कुठल्याशा मेनूत ढकललंय. मी एकेक मेनू उघडत सुटते.

"थांबा सर, परत सांगा."

ते थांबत नाहीत. बोलणं पुरं करतात, खिशातून पट्टीचं गुंडाळं काढतात, तुकडा फाडून त्यावर काही लिहितात आणि रांगेतून पुढे निघून जातात. मला एक अक्षर ऐकू आलेलं नाही.

फोन वाजतो, जाग येते. ऑफिसातला ओजस आहे. "मॅडम, फायनल स्क्रीन पाठवताय ना?"

"थांब. अनडू बाहेर काढायचंय. कोपऱ्यात, डोळे मिटून सापडेल असं."

"आता?"

"आत्ता."

म्हातारा मेला तरी टोमणे मारायची खोड गेली नाही त्याची. रागारागाने लॅपटॉप ओढते, तर मनगटाला काहीतरी चिकटलंय. पांढरी कागदी पट्टी. कड वाकडीतिकडी, सरळ फाडायला त्यांना कधी जमलंच नाही, ते काम माझं होतं. वर त्यांच्या तिरक्या अक्षरात 'शर्वाणी', आणि त्यावरून लाल रेघ.

पहिल्यांदा नाव लिहिलंय माझं, तेही खोडायला.