घोटभर पाणी

फिनेलचा वास आला की मला आजही मळमळतं. इंदिरानगरच्या आमच्या शाळेत, काही वर्षांपूर्वी, जूनमध्ये शाळा सुरू होताना, एका डॉक्टरांनी आम्हा शिक्षकांना रोज भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. नवी रुजू झालेली एक शिक्षिका दुसऱ्याच दिवशी मोठी बाटली घेऊन आली. पण आम्हा बायकांना एकच संडास होता, कडी नसलेला, तुंबलेला, घाणीवर नुसतं फिनेल ओतलेला. मी तिला म्हणाले, “अगं, शाळा सुटेपर्यंत घोटभरच पी. आम्ही सगळ्या तेच करतो.” ती हसली, “मॅडम, तुम्ही काय उंट आहात?” पण तिनं ऐकलं. दिवाळीपर्यंत तिला तीनदा लघवीच्या संसर्गानं ताप आला, पुढे मूत्रपिंडं बिघडली, आणि यंदा ती गेली. संडासाची तक्रार करायला मी मुख्याध्यापकांकडे एकदाही गेले नाही. तिला मात्र तहान मारायला शिकवलं, आणि आता मला माझीच किळस येते.