बाळाकाकांचा वड

वटवाघळांच्या अंगात इतके विषाणू असतात, तरी ती सहसा आजारी का पडत नाहीत? आणि त्यातलेच काही माणसात शिरले की माणूस का कोलमडतो? मांजर्लीच्या नूतन भोईरचा हा अभ्यास. शेतकरी घरातली ही मुलगी मुंबईच्या प्रयोगशाळेत संशोधन करते.

गेल्या वर्षी बातम्यांत वटवाघळांतून पसरणाऱ्या निपाह विषाणूचं नाव आलं आणि नेमका तेव्हाच तिच्या चुलत्याच्या, बाळाकाकांच्या नातीला, जिज्ञासाला, जोराचा ताप भरला. काकांच्या नदीकाठच्या वडावर शेकडो वाघळं लटकलेली असायची. काकांनी झाड तोडायला माणसं बोलावली. नूतन आडवी गेली.

"आमचे पोरीला ताप आयलाय, न् तू वाघळांची बाजू घेतंस?"

"काका, बाजू जिज्ञासाचीच घेते. झाड पाडलंत तर ती बिथरतील, घरांवर, आंब्यांवर पांगतील. घाबरलेल्या, उपाशी वाघळाच्या अंगातून विषाणू जास्त बाहेर पडू शकतो. आधी पोरीला दवाखान्यात नेऊ."

काका धुमसत गाडीत बसले. बदलापूरच्या दवाखान्यात रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. पोर बरी झाली, पण गावाची भीती गेली नाही. मग नूतनने वडाखालचे नमुने घ्यायची परवानगी काढली. मास्क, हातमोजे घालून ती पहाटे वडाखाली प्लास्टिक अंथरायची आणि त्यावर पडलेली लघवी, विष्ठा कुप्यांत भरून प्रयोगशाळेत न्यायची. लोक लांबून हसायचे. शेजारणींनी तिच्या हातचा चहा घ्यायचं सोडलं. ते तिला लागलं, पण तिने काम सोडलं नाही.

अहवाल आला. निपाह सापडला नव्हता.

"म्हणजे काहीच नाय ना? तसं सांगून टाक लोकांना," काका खूश होऊन म्हणाले.

एवढं म्हटलं असतं तर सगळं गाव तिच्या बाजूने झालं असतं. पण देवळासमोर जमलेल्या माणसांना तिने सांगितलं, "या नमुन्यांत सापडला नाही, एवढंच मला माहीत आहे. उद्याची खात्री मी देणार नाही. वाघळांनी उष्टं केलेलं फळ खाऊ नका, ताडीची मडकी झाकून ठेवा, मेलेल्या वाघळाला हात लावू नका."

काही जण चिडून उठून गेले. काका मात्र बसून राहिले.

वड अजून उभा आहे. परवा नूतन प्रयोगशाळेत असताना काकांचा फोन आला. "एक वाघूळ मरून परलंय. कुणाला जवल जाऊ देत नाय मी. तू ये."