बारा पोरं आणि एक भित्रा सर

लोक जुनी नाणी साठवतात, तिकिटं साठवतात. माझ्याकडे घाबरल्याचे किस्से साठलेत, आणि तेसुद्धा न साठवता! गेली दोन वर्षं मी डोंबिवलीत एमआयडीसीच्या मागच्या मैदानावर संध्याकाळी बारा पोरांना कबड्डी शिकवतो. कोणाची शाळा सुटलेली, कोणाचं नाव पोलिसांत लागलेलं, कोणाचा बाप आत. मी मुळात भित्रा माणूस. घरात पाल दिसली की बायकोला हाक मारतो. हे काम माझ्या गळ्यात घातलं अशा पोरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताईंनी. म्हणाल्या, "सर, तुम्ही कॉलेजात खेळलायत ना? बस्स. बाकी सांभाळून घेतील." कोण कोणाला, ते मात्र बोलल्या नाहीत!

*

पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली. एकेक नाव वाचलं की तो तो पोरगा भिंतीशी जाऊन उकिडवा बसायचा, हात मागे, मान खाली. बारा नावं झाली आणि समोर बारा जणांची रांग. मला वाटलं, ही काहीतरी खोडी आहे, आता सगळे मिळून माझ्यावर उठणार.

मी दोन पावलं मागं सरकून विचारलं, "अरे, बसलात का असे?"

"सर, आत नाव पुकारलं की असंच बसायचं असतं ना?" एक म्हणाला. दुसऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं, "वकील येणारे का?"

त्या दिवसापासून मी हजेरी घेत नाही. डोळ्यांनीच मोजतो, आणि उशिरा येणाऱ्याला पन्नास बैठका मारायला लावतो.

*

कबड्डीत खिशात काही ठेवून चालत नाही, लागतं. म्हणून मी एक बादली ठेवली आणि म्हटलं, "खिसे रिकामे करा." दोन ब्लेड पडली, बोटांत अडकवायचा एक लोखंडी फायटर पडला, नशेला हुंगायच्या, पंक्चरवाल्याच्या सोल्युशनच्या चार ट्यूबा पडल्या.  आपली पत राखायची म्हणून मीही मोबाईल आणि पाकीट बादलीत टाकलं, आणि टाकल्या टाकल्या पस्तावलो! तासभर पोरांचा खेळ राहिला बाजूला, मी बादलीकडेच बघतोय.

खेळ संपला. ज्यानं त्यानं आपापली वस्तू उचलली. माझं पाकीट जागच्या जागी. जाड्या म्हणून एक पोरगा आहे, नावाला जागणारा. तो माझा मोबाईल हातात देत म्हणाला, "सर, याला पासवर्ड टाका. जमाना खराब आहे!"

*

मग ताईंनी ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका क्लबशी सामना ठरवला. आदल्या आठवड्यात माझी भूकच मेली. आमच्यातल्या कोणी तिथल्या पोराचा हात मोडला तर? सामन्याच्या दिवशी क्लबच्या पोरांच्या आयांनी आम्हाला बघून आपल्या पर्सा मांडीवर घेतल्या, तेव्हा तर मला घाम फुटला.

आम्ही बेचाळीस-नऊ असे हरलो. जाड्यानं धरलेला माणूस सुटत नाही, पण त्या दिवशी तो चढाईला आलेल्या प्रत्येकाला वाट करून देत होता. मध्यंतरात मी ओरडलो, "अरे, पकड की त्याला! झोपलायस का?"

"सर, चांगल्या घरची पोरं आहेत ती," जाड्या म्हणाला. "लागलं तर केस होते."

 येताना बसमध्ये त्याच्या शेजारी बसलो आणि डोंबिवलीपर्यंत दोघांनी शेंगदाणे खाल्ले.

*

आता रोशनचं सांगतो. सोळा वर्षांचा, हडकुळा, पण चढाईला गेला की मासळीसारखा निसटतो. तो एका माणसासाठी पुड्या पोचवायचा. त्या माणसाला सगळे मामा म्हणतात. तो कोणाचाच मामा नाही. रोशन पकडला गेला तेव्हा मामाचा फोन बंद लागत होता. रोशन निरीक्षणगृहातून सुटून आला, तसा मामाचा फोन चालू झाला! "कामावर ये," एवढंच म्हणायचा. एकदा रोशनच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या हातचा चहाही पिऊन आला. तेव्हापासून ती दाराला आतून दोन कड्या लावते.

मी रोज साडेपाचला बारा पोरं मोजायचो. खरं तर एकच मोजायचो.

एकदा आम्ही सगळ्यांना घेऊन खडवलीला नदीवर गेलो. अकरा पोरं पाण्यात, रोशन एकटा काठावर. मी शेजारी जाऊन बसलो. त्याच्या खिशात फोन वाजत होता, तो उचलत नव्हता.

"सर, इथून कसारा किती लांब?"

"असेल तासभर."

"आणि त्याच्या पुढं?"

"नाशिक."

"आणि त्याच्या पुढं?"

 पोरगा पळून जायचा हिशेब करत होता. काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं, पण सुचलं ते एवढंच: "शनिवारी मॅच आहे रे."

 तो म्हणाला, "ठीके. शनिवारपर्यंत थांबतो."

पुढं मी दर शनिवारी मॅच लावत गेलो. समोर संघ मिळो न मिळो!

*

आणि मग एका मंगळवारी मामा स्वतः मैदानावर आला.

डाव नुकताच सुरू झाला होता. सहा इकडं, सहा तिकडं. रोशन समोरच्या भागात चढाईला गेलेला, 'कबड्डी कबड्डी' चालू. दोन मोटारसायकली आल्या. बरोबरची तीन माणसं गाडीवरच बसून राहिली. मामा उतरला आणि रेघ ओलांडून सरळ त्याच समोरच्या भागात शिरला. "रोशन, चल. बस झालं खेळणं."

माझ्या तोंडात शिट्टी होती, पण श्वासच नव्हता. खोटं कशाला सांगू, मी पळायची वाट बघून ठेवली होती.

रोशननं दम सोडला नाही. 'कबड्डी कबड्डी' म्हणत तो मामापर्यंत गेला, त्याच्या छातीला हात लावला आणि मागं वळून सुसाट मधली रेघ गाठली.

"आऊट!" जाड्या ओरडला. जाड्या तर समोरच्या बाजूचा, म्हणजे आता मामाच्या बाजूचा! "मामा, तुम्ही आऊट!"

माझ्या तोंडातली शिट्टी कशी वाजली, मला आजही माहीत नाही.

मामानं माझ्याकडे बघितलं. पोरांकडे बघितलं. बारापैकी एकही हसेना. मग शिट्टी झाल्यावर जुना खेळाडू जातो, तसा तो चालत रेघेबाहेर गेला आणि बाद झालेले बसतात तिथं, मातीत बसला.

आता कबड्डीचा नियम असा, की आपल्या बाजूनं समोरचा गडी मारला किंवा पकडला की आपला बाद झालेला गडी आत येतो. मामाच्या बाजूचा पोरगा चढाईला गेला आणि कोणालाही न शिवता परत आला. मग पुन्हा रोशन आला. जाड्यानं त्याचा घोटा पकडला, असा पकडला की सुटणं शक्यच नाही. आणि सोडून दिला.

"सुटला, सर," माझ्याकडे न बघता जाड्या म्हणाला.

अंधार पडेपर्यंत त्या बाजूनं एकही गडी मारला नाही. मामा बसून होता. शेवटी उठला, पँट झटकली आणि माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "उद्या किती वाजता असता?"

 मागून रोशनचा आवाज आला.

"साडेपाच. उशिरा आलं तर पन्नास बैठका."