दाजींच्या वाटणीचं तळं

वर्कशॉपात लेथ चालवणाऱ्या त्याला एकूणच माणसांचा कंटाळा, पण दाजींइतकं डोळ्यांत खुपणारं माणूस दुसरं नव्हतं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. आईवडील गेल्यावर हा ताईच्या घरी वाढला, आणि तिथला घासन् घास त्याला टोचला. दाजींनी कधी बोलून दाखवलं नाही, हाही त्यांचाच गुन्हा.

हाताशी काम आल्यावर त्याने मेटल डिटेक्टर घेतला आणि सुट्टीच्या दिवशी माळ तुडवू लागला. आकाशातून पडलेला एक तरी दगड मिळवायचा आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची, एवढंच डोक्यात. मिळायचे गंजके खिळे. "आज काय, बिजागरी?" असं दाजी हसून विचारत, आणि याच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

मग एका संध्याकाळी आगीचा गोळा कोरड्या तळ्याच्या बाजूला विझताना सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्याच आठवड्यात दाजी नवाकोरा डिटेक्टर घेऊन हजर! भांडण नको म्हणून ताईने तळ्याची वाटणी केली. विजेच्या खांबाच्या अलीकडचं भावाचं, पलीकडचं दाजींचं. ज्याच्या वाटणीत दगड, त्याचा दगड.

तिथे याची बुद्धी फिरली. लेथवर लोखंड कातताना निघणारा कीस त्याने पोतंभर नेला आणि दाजींच्या वाटणीत मुठीमुठीने उधळला. दाजींचं यंत्र पावलोपावली बोंबलू लागलं. ते बिचारे उकरून उकरून घामाघूम.

"तुमची जमीनच खराब दिसतेय, दाजी," हा खांबाअलीकडून म्हणाला. फार दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

दुपारी ताई डबा घेऊन आली. तिने वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांवर चोळली.

"हा तुझ्या लेथचा कीस. इतकी वर्षं तुझे खिसे उलटे करून कपडे धुतलेत मी. मला शिकवतोस?"

"वाऱ्याने आला असेल."

"वर्कशॉपमधलं चाकांचं चुंबक आण. कणन् कण उचलायचा. आत्ता."

फरशीवरचा कीस गोळा करायचं ते चुंबक तो दात-ओठ खात तळ्यातून ओढू लागला. दाजींनी पाणी पुढे केलं. त्याने बघितलंसुद्धा नाही.

चुंबक झाडताना हाताला काहीतरी जड लागलं. अक्रोडाएवढं, वरून करपलेलं काळं, एका कोपऱ्याला टवका उडालेला आणि आत लोखंडाची बारीक चमक. त्याला क्षणात कळलं. त्याने मूठ आवळली आणि खांबाकडे पाहिलं. खांब बराच मागे राहिला होता.

"काय रे?" दाजींनी विचारलं.

बिजागरी म्हणावं आणि खिशात टाकावं. पण ताई नेमकी त्या खिशाकडेच बघत होती. तिने हात पुढे केला.

"दे."

त्याने दिला. तिने तो नवऱ्याच्या हातावर ठेवला. दाजींनी उलटासुलटा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला.

"अरे, तू कीस टाकला नसतास तर हा मला जन्मात सापडला नसता!" त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. मग त्यांनी दगड त्याच्यापुढे धरला. "घे, तुझाच हा. आपल्यात कसली वाटणी?"

थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. न घ्यावा तर दगड दाजींचा, घ्यावा तर दाजींनी दिलेला. त्यांचा हात तसाच पुढे होता. याने चुंबकाचा दांडा धरला आणि दाजींकडे पाठ करून उरलेल्या किसाकडे चालू लागला.