आग्या न्हाव्याची तक्रार

आग्याने तुरटीचा खडा टीव्हीवर भिरकावला, तेव्हा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी झाली होती. खडा मुठीएवढा होता आणि नेम अचूक बसला. काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली, पण टीव्ही काही बंद पडला नाही. तडकलेल्या काचेमागून निवेदक तसाच ओरडत राहिला. गिऱ्हाईक अर्ध्या फेसासकट उठलं आणि दुकानाचा टॉवेल गळ्यात तसाच ठेवून बाहेर सटकलं. त्याला दोष कसा द्यायचा? उघडा वस्तरा हातात धरून थरथरणाऱ्या न्हाव्यापुढे गळा ताणून कोण बसणार?

आग्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शाळेत मास्तरांवर पाटी भिरकावली त्या दिवशी ते चिकटलं आणि पन्नाशीपर्यंत सुटलं नाही. तोंडाआधी हात चालायचा. एका घरमालकाचा दात त्याने पाडला होता, सख्ख्या मेहुण्याला जिन्यावरून ढकललं होतं. पण वस्तरा हातात आला की हाच माणूस गाय व्हायचा. चौदा वर्षं दुकान चालवलं, एका गिऱ्हाइकाला ओरखडा नाही. लोक ते कौतुकाने सांगायचे. गळ्यावर पातं धरणाऱ्याचा सगळा धंदा एवढ्या एका भरवशावर चालतो, आणि आग्याला ते पक्कं ठाऊक होतं.

टीव्हीवर समुद्रापलीकडच्या एका देशातलं युद्ध चालू होतं. त्या देशात, एका बस डेपोसमोरच्या सलूनमध्ये, आग्याने उमेदीची अकरा वर्षं काढली होती. वाहिनीचं ऐकाल तर तिथे पोरंसुद्धा बंदूक घेऊनच जन्माला येत होती. घरं पडली की ‘अड्डे उद्ध्वस्त’, माणसं मेली की ‘खात्मा’. त्या दिवशी रस्त्यावर पालथा पडलेला एक माणूस दाखवला. खाली लाल पट्टी: सशस्त्र टोळीचा म्होरक्या ठार. चेहरा मातीत होता. डोक्यावर दोन भोवरे, डाव्या कानाची वरची कड करंगळीच्या नखाएवढी तुटलेली, गळ्यातल्या दोरीला शिटी. निवेदकाने शिटीभोवती लाल वर्तुळ काढलं आणि सांगितलं, साथीदारांना इशारा द्यायला हा ती वापरायचा.

इथे तुरटीचा खडा सुटला.

ते डोकं अकरा वर्षं दर पंधरवड्याला आग्याच्या हाताखालून गेलं होतं. तो शाळेची बस चालवायचा. पोरं उतरली की आपणही उतरून, शिटी फुंकून, त्यांना रस्ता ओलांडून द्यायचा. आणि तो तुटका कान? त्याबद्दल आग्याने कधी कुणाला, बायकोलासुद्धा, अवाक्षर सांगितलं नव्हतं.

त्याने तडक वाहिनीच्या तक्रार कक्षात फोन लावला.

“अहो, तो म्होरक्या नाही! बसवाला आहे, बसवाला! शाळेच्या पोरांची बस!”

“सर, कार्यक्रमाचं नाव आणि वेळ सांगा,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“वेळ कसली विचारता? माणूस मेलाय!”

“सर, आवाज खाली करा. आणि लेखी द्या.”

आग्याने फोन समोरच्या आरशावर फेकून मारला. आता आरशालाही तडा गेला. वाहिनीच्या अंगावर मात्र साधा चरासुद्धा उमटला नाही.

लेखी म्हटल्यावर बायकोला धरावंच लागलं. ती दवाखान्यात केसपेपर लिहायची. अक्षर मोत्यासारखं, आणि एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिने पत्र लिहिलं: दोन भोवरे, शिटी, तुटका कान, बसचालक, कृपया चूक दुरुस्त करावी. दहा दिवसांनी उत्तर आलं. भोवरे हजारोंना असतात. शिट्या बाजारात मिळतात. कान कसा तुटला याचा खुलासा करावा, अन्यथा दावा ग्राह्य धरता येणार नाही.

बायको ओट्याशेजारच्या टेबलावर कागद घेऊन बसली. “सांगा. कान कसा तुटला, आणि ते तुम्हाला कसं ठाऊक?”

आग्या खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. “मी कापला.”

पेन थांबलं.

मग त्याने सांगितलं. तिकडचं पाचवं वर्ष होतं. बसवाल्याला बोलायची भारी खोड, तोंड म्हणून मिटायचं नाही. त्या दिवशी तो हसत म्हणाला, तू घरी जाशील तेव्हा तुझी पोरं तुला काका म्हणतील. आग्याच्या डोळ्यांपुढे एकदम अंधारी आली. वस्तरा कधी फिरला ते त्यालाच कळलं नाही. टॉवेलवर कानाचा तुकडा पडला, आणि रक्त त्या माणसाच्या कॉलरमधून पाठीवर उतरलं. लोकांनी पोलीस बोलावले. पोलिसाने विचारलं, तेव्हा बसवाला कान दाबून धरत म्हणाला, मान मीच हलवली, फार बोलतो मी. आणि पंधरा दिवसांनी कानाला पट्टी बांधून पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसला. म्हणाला, आज गप्प बसतो. दोन मिनिटंसुद्धा बसला नाही.

बायको उठली आणि तिने आग्याच्या थोबाडीत मारली. सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, आणि चांगली सणसणीत. आग्याचा हात सवयीने वर गेला आणि तसाच खाली आला.

“हे बाहेर कळलं तर तुमच्या खुर्चीत कोण बसेल?” ती म्हणाली. “कुत्रं तरी बसेल का?”

“नाही बसणार.”

“मग?”

“मग काय! माझ्यासाठी तो एक वाक्य खोटं बोलला, म्हणून मी तुरुंगात सडलो नाही. त्याच्यासाठी एक वाक्य खरं बोलायला मला काय धाड भरलीय?”

ती खुर्ची ओढून बसली, पेनाचं टोपण काढलं. “सांगा पुढे. सावकाश सांगा.”

पत्र पाठवल्यावर आठव्या दिवशी संध्याकाळी निवेदकाने ते पत्र पडद्यावर फडकावलं. तो बसवाला होता, ही पहिली ओळ गाळली. त्याने मला वाचवलं, ही शेवटची ओळही गाळली. मधली ओळ तेवढी तीनदा वाचली: मी वस्तऱ्याने त्याचा कान कापला. “बघा, शत्रूची वकिली कोण करतंय! एक वस्तरेबाज!” दुकानाचा पत्ता झाकायचं मात्र कुणाला सुचलं नाही. की सुचलं होतं? वाहिनीवाल्यांना बाकी सगळं वेळेवर सुचतं.

मेहुण्याने ते घरी बसून पाहिलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, व्यायामशाळा चालवणारा, मानेने बैल आणि रागाने आग्याचाच चुलता. त्याचा जिवलग मित्र त्या देशात पूल बांधायला गेला होता आणि लाकडी पेटीतून परत आला होता. त्याला कुणी मारलं ते खात्रीने कुणालाच माहीत नव्हतं. वाहिनीने सांगितलं होतं, याच म्होरक्याने. मेहुण्याला तेवढं पुरलं.

सकाळी आग्याने शटर अर्धं वर केलं, तेवढ्यात मेहुण्यासकट पाच जण आत घुसले. पहिल्याने लोखंडी गजाने उरलेले आरसे फोडले. दुसऱ्याने बाटल्या जमिनीवर आपटल्या. आग्याने पाणी मारायचा पितळी फवारा उचलून तिसऱ्याच्या नाकावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. मग गज त्याच्या खांद्यावर बसला, एक लाथ बरगडीत बसली, आणि त्यांनी त्याला उचलून त्याच्याच खुर्चीत आपटलं. दोघांनी पाय धरले, एकाने केस. मेहुण्याने काउंटरवरचा वस्तरा उघडला.

“माझ्या दोस्ताचा चेहरासुद्धा आम्हाला बघू दिला नाही,” तो ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “आणि तू त्यांची बाजू घेतोस? तुला कान कापायची हौस आहे ना? बघ मग कसं वाटतं!”

आग्याचा उजवा हात मोकळा होता. हाताखाली कैची आली, लांब पात्याची, सकाळीच धार लावलेली. मेहुण्याचं पोट समोर वीतभर अंतरावर होतं. आयुष्यभर जे आपोआप झालं ते आताही आपोआप झालं असतं. पण मेहुणा वाकला तशी त्याची मान आग्याच्या डोळ्यांपुढे आली. त्या मानेवरची लव त्याच्या लग्नाच्या सकाळी आग्यानेच साफ केली होती. कैची मुठीत घट्ट होती, इतकी की कडा तळव्यात रुतल्या. आग्याने मूठ उघडली. कैची फुटलेल्या काचांवर पडली.

मग वस्तरा फिरला. आग्या गुरासारखा ओरडला. रक्त कापल्या कानातून मानेवरून छातीवर आलं. मेहुण्याच्या हातातलं पातं गळून पडलं, आणि तो आपल्याच हाताकडे बघत भिंतीला टेकून खाली बसला. बाकीचे चौघे पळाले.

शेजारच्या शिंप्याने पोलिसांना बोलावलं. आग्याला बायकोच्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी सात टाके घातले. मेहुण्याला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. उघड्या दारातून तो दिसत होता, शर्ट पुढून लाल झालेला. बायको दोघांच्या मध्ये, दारातच उभी होती. ती रडत नव्हती, चौकट मात्र घट्ट धरून होती.

हवालदाराने वही उघडली. “बोला. कुणी केलं? सगळं सरळ दिसतंय, पण तुमच्या तोंडून हवं.”

आग्याने मेहुण्याकडे पाहिलं. मग बायकोकडे.

“मान मीच हलवली,” तो म्हणाला. “फार बोलतो मी.”

मेहुण्याला काही उमगलं नाही. बायकोला उमगलं, ते वाक्य तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तिच्या तोंडून हुंदका फुटला, आज पहिलाच.

“अहो, काय बोलताय? दुकानाचा भुगा झालाय तुमच्या!” हवालदार म्हणाला.

“लिहा म्हणतो ना! आणि पुढे हेही लिहा. तो बस चालवायचा. शाळेची. शिटी पोरांसाठी होती.”

“कोण तो? त्याचा इथे काय संबंध? असलं काही मी जबाबात लिहू शकत नाही.”

“द्या इकडे,” बायको म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले, हवालदाराच्या हातातून पेन काढून घेतलं आणि वही पुढ्यात ओढून लिहायला सुरुवात केली.