पहिली वेलांटी आधी

माझ्या आत्याचं दिंडोरीत टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, दशक्रियेच्या चिठ्ठ्या. मी नाशिकला कॉलेजात गेले, आमच्या घरातली पहिलीच, तेव्हा तिच्या कॉम्प्युटरवरच्या विंडोजसाठी कंपनीने हात वर केले होते. आता नवे अपडेट मिळणार नाहीत, अशी सूचना पडद्यावर यायची. आत्या ती बंद करायची आणि पत्रिका पुढे टाइप करायची.

नवा कॉम्प्युटर घेऊन भागणार नव्हतं. तिचा मराठीचा प्रोग्रॅम त्या जुन्या विंडोजवरच चालायचा आणि तिची बोटं त्या प्रोग्रॅमवरच चालायची. लग्नाआधी ती नाशिकला टाइपरायटर शिकली होती. क्लासचे सर अक्षरांवर रुमाल टाकायचे आणि वरून टाइप करायला लावायचे. त्यामुळे अक्षरं कुठे आहेत हे तिला तोंडाने सांगता येत नाही, बोटांनी येतं. ते मशीन बंद पडलं तर तिचं काम जाईल, हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्यावर आम्ही बोलत नव्हतो.

कॉम्प्युटर शिकते म्हणून त्याची देखभाल माझ्याकडे आली. खरं तर मला फारसं काही येत नव्हतं. कंपनीने पूर्वीच काढलेले, पण त्या कॉम्प्युटरवर कधी न बसवलेले बरेच अपडेट शिल्लक होते. ते मी कॉलेजच्या लॅबमध्ये पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि शनिवारी दुपारच्या बसने दिंडोरीला न्यायचे. जुन्या विंडोजला अजून सांभाळून घेणारा अँटिव्हायरस शोधायचे, ब्राउझर शोधायचे.

"आलीस का फवारणीला?" मी दारात दिसले की आत्या विचारायची.

एकदा अर्ज टाइप करून घ्यायला आलेले एक द्राक्षवाले काका बराच वेळ पडद्यावरचे टक्के बघत बसले. शेवटी म्हणाले, "आमच्या बागेला छाटणीनंतरबी एवढे डोस लागत नाय."

"तुमची बाग नवी हाय," आत्या म्हणाली. "माझी म्हातारी झाली."

पस्तीस टक्क्यांवर हटकून अडायचं. मग आम्ही चहा घ्यायचो. आत्या क्लासच्या गोष्टी सांगायची, मी कॉलेजच्या. मला तिथे प्रश्न विचारायला भीती वाटते, हेही मी तिलाच सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षाला मला लॅपटॉप मिळाला. मी तो दुकानात नेला आणि म्हणाले, "आत्या, यावर करून बघ ना." अक्षरांच्या जागा मी कागदावर लिहून समोर चिकटवल्या. तिने एक पत्रिका घेतली. तासभर लागला. नवरीची मावशी मजकूर तपासायला आली आणि मोठ्याने वाचू लागली. "आईविडलांच्या आशीर्वादाने. हे काय गं, इडली-विडली हाय का काय?"

आम्ही तिघीही हसलो. मी वाकून सांगितलं, "आत्या, इथे आधी ड द्यायचा, वेलांटी नंतर. तू आधी दिलीस म्हणून ती व-ला चिकटली."

"जी डोळ्याला आधी दिसती, ती बोटानं नंतर का द्यायची?"

तिने हात मांडीवर घेतले होते. मावशी गेल्यावर तिने तीच पत्रिका जुन्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत टाइप केली. मीही लॅपटॉप परत पिशवीत ठेवला आणि पेनड्राइव्ह काढला.

असे आणखी दोन पावसाळे गेले. मग अँटिव्हायरसनेही ती विंडोज सोडली. एका शनिवारी मेलही उघडेना आणि माझ्याकडे बसवण्यासारखं काही उरलं नाही. आत्या म्हणाली, "राहू दे बाई. चाललं तेवढं लय झालं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मला ते जास्त लागलं.

सोमवारी मी लॅबच्या सरांना विचारलं. तास संपून सगळे गेल्यावर, दाराशी. सर, टाइपरायटरवर शिकलेल्या माणसाला नव्या कॉम्प्युटरवर तसंच टाइप करता येतं का? सर डबा उघडत होते. म्हणाले, "येतं की. जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचा की-बोर्ड मिळतो, नुसता प्रोग्रॅम असतो. वेलांटी आधी दिली तरी तो जागेवर बसवतो."

एवढंच. दोन वर्षं मी हा प्रश्न बावळट ठरेल म्हणून विचारला नव्हता.

पुढच्या शनिवारी मी तो लॅपटॉपवर घालून नेला. जुना कॉम्प्युटर तिथेच आहे, नेट काढून टाकलेला. जुन्या पत्रिका त्यावरच उघडतात. आत्याने हळदीकुंकवाचं एक निमंत्रण घेतलं. पहिल्या ओळीला ती थांबत थांबत गेली, दुसऱ्या ओळीपासून खाली बघणं सोडलं. मी शेजारी स्टुलावर बसून होते. तिने कागद काढला, वाचला, दुसरा मजकूर समोर लावला. मग आणखी एक गिऱ्हाईक आलं.

मी उगाच वायर सरळ केली. आत्याने मान वर न करता विचारलं, "चहा सांगू का?"

"नको," मी म्हणाले. "तू काम कर."

लॅपटॉप तिच्याकडेच ठेवून निघाले, तर त्या दिवशी मला परतीची तीनची बस मिळाली. इतक्या लवकर मी तिथून कधी निघाले नव्हते. खिडकीशी जागाही होती.