मी न वाचलेल्या कोडखाली माझं नाव

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून आजच लिहिते.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलसाठी, म्हणजे तिच्या गाभ्यासाठी, सी भाषेत टेस्ट लिहिणारा आमचा एक ऑनलाइन गट आहे. तिथे मी कोड तपासते. रीत अशी, की ज्याने कोड वाचला त्याचं नाव खाली लागतं. नाव म्हणजे हमी.

आज दुपारी बेसा भागातल्या माझ्या घरी जेवण आटोपून बसले, तर प्रफुलचा नवा कोड आलेला. प्रफुल माझा कॉलेजपासूनचा मित्र, या गटात त्याला मीच आणलं. कोड उघडला, तर खाली माझं नाव आधीच हजर! मी तर एक ओळही वाचली नव्हती.

मग वाचला. अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर, दोन्ही ज्याची परीक्षा घ्यायची त्याच फंक्शनमधून घेतलेली. म्हणजे फंक्शन कितीही चुकलं तरी टेस्ट पासच होणार.

फोन लावला. "काहून गा, माझं नाव काहून टाकलं?"

"चिडून काहून राहिली वं? तुह्या नावावर लवकर मंजूर होते. वाचून तरी तू होच म्हटलं असतं ना!"

हे शेवटचं वाक्य फार लागलं. माझ्या वाचण्याची त्याच्या लेखी हीच किंमत?

मी गटात सगळ्यांसमोर लिहिलं, "हा कोड मी तपासलेला नाही. टेस्ट चुकीची आहे."

लगेच त्याचा मेसेज. "दोस्ताले असं तोंडघशी पाडते का कोणी?"

अहो, हे तर मी त्याला म्हणणार होते! खरं सांगा मंडळी, तोंडघशी कोण पडलं?